अण्णांचं पिस्तूल दिसत नाही

विजयसिंह अण्णांचं पिस्तूल पडलं ते थेट बुंदीच्या परातीत.

नेकनूरला मोहनराव गुरुजींचा पंच्याहत्तरीचा सत्कार होता. अण्णा त्यांचे जुने विद्यार्थी. हार घालून झाला, शाल पांघरून झाली आणि अण्णा पाया पडायला वाकले. वाकताना नेहरू शर्ट वर गेला, उजव्या कमरेला खोचलेलं पिस्तूल निसटलं आणि स्टेजच्या कडेला ठेवलेल्या परातीत धप्पकन पडून अर्धं रुतलं. गुरुजींना हल्ली कमी दिसतं. ते परातीकडे बघत माईकवरच म्हणाले, "विजय, आहेर आणू नका म्हणून पत्रिकेत छापलं होतं की रे."

कुणीतरी ते सगळं मोबाईलवर घेतलं होतं. अण्णा गेवराईजवळच्या आपल्या गावी पोहोचायच्या आधी व्हिडिओ पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याच्या ठाण्यातून बोलावणं आलं.

"अण्णा," साहेब म्हणाले, "परवान्याच्या नियमात काय लिहिलंय? हत्यार कव्हरमध्ये पाहिजे, अंगाला घट्ट पाहिजे आणि पूर्ण झाकलेलं पाहिजे. तुमचं तर बारा वर्षं सगळा तालुका बघतोय."

"साहेब, झाकायचंच असतं तर घेतलं कावून असतं?" अण्णांच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

साहेब हसले नाहीत. "पुन्हा एकदा कुणाला दिसलं, तर परवाना रद्द करायचा प्रस्ताव पाठवीन."

अण्णा बाहेर आले ते घामाघूम होऊन. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती. तिकिटासाठी ते आणि आप्पाराव असे दोघं रांगेत होते. अशा वेळी परवाना गेला असता तर आप्पारावांनी गावोगाव पेढे वाटले असते.

घरी येऊन अण्णा ओट्यावर बसले. समोर फवारणीचा पंप पडला होता. असले दोन पंप गड्यांनी आठवड्याच्या आत मोडले होते. हा तिसरा तीन वर्षं चालू होता, कारण याच्यासोबत एक छोटं पुस्तक आलं होतं. मराठीत, मोठ्या अक्षरात, आणि वाचणाऱ्याला काही म्हणता काही येत नाही असं धरून लिहिलेलं. ते पुस्तक लिहिणारी बाई गेवराईतच राहते, आपल्या बद्रीनाथची सून आहे, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी गाडी काढली.

रोहिणीचा धंदा तोच होता. पंप, चारा कापायची कडबाकुट्टी, पिठाची चक्की, जे यंत्र येईल त्याचं माहितीपत्रक लिहायचं. वाचणारा हुशार आहे असं समजून लिहिलं की यंत्र बिघडतं, हे तिचं अनुभवाचं मत. अण्णा आले तेव्हा ती कडबाकुट्टीत हात घालू नये हे चौथ्या वेगळ्या पद्धतीने लिहीत होती.

"सूनबाई, त्ये पंपाचं पुस्तक तुमीच लिवलंय ना?"

"हो अण्णा. काही चुकलंय का?"

"चुकलं न्हाई. तसंच एक मला लिवून पायजे. पिस्तूल झाकून कसं न्यायचं. पयल्यापासून. मला काय बी येत न्हाई असं धरून लिवा."

"पण तुमच्याकडे बारा वर्षांपासून आहे ना?"

"बारा वर्षं दावत होतो. झाकायचं आता शिकायचंय."

रोहिणीने वही उघडली. नवं काम आलं की ती आधी प्रश्न विचारायची. वजन किती, बसताना टोचतं का, जेवताना मांडी घालून बसता की खुर्चीवर, शर्टची लांबी किती, मोबाईल कुठल्या खिशात असतो. अण्णांना एकाचंही धड उत्तर देता येईना.

"आणि गोळ्या? भरलेलं असतं की रिकामं?"

अण्णांनी शेजारी बसलेल्या बद्रीनाथकडे पाहिलं. "बद्रीनाथ, च्याचं बघ की जरा." बद्रीनाथ आत गेल्यावर ते खालच्या आवाजात म्हणाले, "गोळ्या वनमालाकडं असत्यात. ज्वारीच्या कोठीशेजारी पत्र्याची पेटी हाय, तिच्यात. कुलूप लावून."

"म्हणजे तुमचं पिस्तूल..."

"हळू बोला. एकदाच उडवलंय, शिकायला गेलतो तवा. तवापासून डाव्या कानात शिट्टी वाजती."

"मग बाळगता कशाला अण्णा?"

अण्णांनी टोपी काढून तिची घडी घातली. "आदी दोघातिघांनी घेतलं म्हणून घेतलं. आता न्हाई बाळगलं की लोक इचारत्यात, कावून न्हाई बाळगलं. बाळगलं की कुणी काय इचारत न्हाई."

रोहिणीला या दांडग्या माणसाची एकदम कीव आली. "लिहिते," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. पत्रक मी आधी वाचणाऱ्यावर करून बघते. जिथं तुम्ही अडाल तिथं चूक माझी. मग ते पुन्हा लिहायचं."

पहिली अडचण कपड्यांची निघाली. पत्रकात काहीही लिहिलं तरी अण्णांचे शर्ट शिवलेलेच पिस्तूल दिसावं अशा बेताने होते. म्हणून रोहिणीने त्यांना बाजारातल्या रहमतुल्ला टेलरकडे पाठवलं. रहमतुल्लाभाईंनी वर्षानुवर्षं त्यांचे शर्ट शिवले होते, त्यामुळे मूळ गुन्हेगार एका अर्थाने तेच होते.

"तुमीच बोलले होते अण्णा, उजव्या बाजूला चार बोटं आखूड ठेवा म्हणून," ते टेप गळ्यात टाकत म्हणाले. "आता लांब करतो. अन् प्वाट आत घेऊ नका. घरी घेत न्हाईत ना? मंग हितं कशाला घेता?"

ढगळ शर्ट आले, चामड्याचं कव्हर आलं, आणि अण्णांच्या अंगणात तालीम सुरू झाली. परीक्षक म्हणून अण्णांच्या पत्नी वनमालाकाकू दारात खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर शेंगा निवडायचं सूप.

"दिसतंय," काकू म्हणाल्या.

अण्णा परत फाटकापर्यंत गेले आणि आले.

"दिसत न्हाई, पण तुमी सारका हात लावताय. शेंबडं पोरगं बी सांगंल तिथं कायतरी हाय म्हणून."

रोहिणीने वहीत सातवा मुद्दा लिहिला. 'आहे की नाही हे हात लावून पाहू नये. आपला हात जिथं जातो, तिथंच बघणाऱ्याची नजर जाते.'

असं करत आठवडाभरात चौदा मुद्दे झाले. 'पिस्तूल भरलेलंच आहे असं समजून हाताळावं. रिकामं असल्याची खात्री असली तरीही.' 'पायजम्याच्या नाडीत खोचू नये. नाडी वजन पेलण्यासाठी नसते.' 'संडासात जाताना ते टाकीवर किंवा खिडकीत ठेवू नये. ते तिथंच राहतं.' 'वाकायचं झाल्यास कमरेतून वाकू नये. गुडघे मोडून बसावं, काम करावं, उठावं.' 'बाहेरून आल्यावर आधी पिस्तूल कुलपात, मग चहा.'

शेवटचा मुद्दा अण्णांनी दोनदा वाचला. 'ज्या दिवशी दारू प्यायची असेल त्या दिवशी पिस्तूल घरी ठेवावं. ज्या दिवशी पिस्तूल न्यायचं असेल त्या दिवशी दारू घरी ठेवावी.'

"चौदावं जरा कडक हाय, सूनबाई."

"त्यात अडलात का?"

"अडलो न्हाई. दुकलं."

"मग राहू दे," दारातून काकू म्हणाल्या. "त्येवढंच मोठ्या अक्षरात करा."

अण्णांनी मात्र मनापासून अभ्यास केला. त्यांच्या आई केसरबाई रोज सकाळी पोराच्या नमस्काराची वाट बघत. आता अण्णा त्यांच्यापुढे दोन्ही गुडघे टेकून सरळ पाठीने खाली बसू लागले, तशा त्या घाबरल्या. "कंबर धरली का रं विजू?"

"न्हाई आई. नियम हाय."

महिन्याभरात अण्णा असे तयार झाले की काकूंनाही सांगता येईना, आज आहे की नाही. रोहिणीने पत्रकाच्या चार स्वच्छ प्रती काढून दिल्या. काम संपलं असं तिला वाटलं.

काम बिघडलं ते गेवराईतल्या एका लग्नात. अण्णा मांडवात शिरले की पुढच्या रांगेतला सोफा आपोआप मोकळा होत असे. लोक आधी त्यांच्या कमरेकडे बघत, मग तोंडाकडे, आणि मग उठत. त्या दिवशी लोकांनी कमरेकडे पाहिलं आणि ते बसूनच राहिले. सोफ्यावर आप्पाराव ऐसपैस बसले होते.

"या अण्णा," ते म्हणाले. "मागं खुर्च्या हायेत."

परतताना गाडी चालवणाऱ्या हनुमानने चार किलोमीटर विचार केला आणि मग तोंड उघडलं. "अण्णा, रागवू नका. लोक म्हणत्यात, साहेबानं काढून घेतलं."

"काय काढून घेतलं? हाय की माझ्याजवळ!"

"कुटं हाय?"

"हे काय, आत्ता हाय. कमरंला."

हनुमानने आरशातून पाहिलं. "दिसत तर न्हाई."

"दिसलं न्हाईच पायजे, बे!"

"मंग लोकांला कसं कळंल, हाय म्हणून?"

दाखवलं तर परवाना जाणार, नाही दाखवलं तर परवाना गेला असं लोक समजणार. आठ दिवसांत ही बातमी सगळ्या मतदारसंघात फिरली. आप्पाराव कुठे जातील तिथे हळहळू लागले. "वाईट झालं वो अण्णाचं. भला माणूस. पण आता त्येच्यात काय ऱ्हायलं न्हाई." तिकीट देणारी मंडळी अण्णांचे फोन दुसऱ्या रिंगला उचलायची, ती सहाव्या रिंगला उचलायला लागली. एका बैठकीत अण्णांनी भाषणात, "माझ्याजवळ जे व्हतं ते आज बी हाय," असं तीनदा ठासून सांगितलं. लोकांना वाटलं, ते जनतेच्या प्रेमाबद्दल बोलतायत. टाळ्या पडल्या, पण उपयोग झाला नाही.

शेवटी ते ठाण्यात गेले. शस्त्रांच्या नोंदी बघणारे त्रिंबक हवालदार चांगल्या ओळखीचे होते.

"हवालदार, एक दाखला द्या."

"कसला?"

"माझ्याजवळ पिस्तूल हाय म्हणून."

त्रिंबकरावांनी चष्मा काढला. "काय लिवू? सदर इसमाजवळ पिस्तूल असून ते दिसत न्हाई?"

"आसंच लिवा की."

"अण्णा, आमी हरवल्याचा दाखला देतो. असल्याचा देत न्हाई."

मग अण्णा साहेबांच्या खोलीत जाऊन अर्धा तास बसले. साहेबांनी चहा पाजला, पावसाची चौकशी केली, आणि दाखल्याचं नाव काढू दिलं नाही. अण्णा तिथून तडक रोहिणीकडे गेले.

"सूनबाई, एक मुद्दा वाढवा. झाकून बी ऱ्हायलं पायजे आन लोकांला कळलं बी पायजे."

"अण्णा, असं नाही होऊ शकत."

"पंपाला होतंय की! टाकी बंद असती, पर आत किती औषिद हाय त्ये बाहेरून दिसतंय. तुमीच लिवलंय, पान तीन."

रोहिणीने पान तीन उघडून बघितलं. एखाद्याने आपलं पत्रक इतकं समजून घ्यावं याचं तिला कौतुक वाटलं, आणि याच पत्रकाने या माणसाची पंचाईत केली म्हणून रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. ती बद्रीनाथला म्हणालीसुद्धा, "बाबा, मी इतकं नीट लिहायला नको होतं."

चार दिवसांनी निवडणूक जाहीर झाली आणि सगळ्या परवानाधारकांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करावीत असा आदेश निघाला. ठरलेल्या दिवशी सकाळी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली टेबल लागलं. वीस-बावीस जण आले होते, आणि प्रत्येकाबरोबर बघायला पाच-दहा माणसं. त्रिंबक हवालदार रजिस्टर घेऊन बसले. साहेब मागे उभे राहिले.

पहिल्याने पिस्तूल काढलं ते नळी थेट त्रिंबकरावांकडे करून. त्रिंबकराव रजिस्टरसकट टेबलाखाली गेले. दुसऱ्याचं गाडीच्या खणात राहिलं होतं आणि गाडी बायको माहेरी घेऊन गेली होती. तिसरे आप्पाराव. त्यांनी ते नाडीत खोचलं होतं. ओढताना नाडीची निरगाठ बसली. आधी एकाने ओढून पाहिलं, मग दोघांनी. शेवटी आप्पारावांना भिंतीआड न्यावं लागलं आणि तिथून बराच वेळ, "कात्री आणा, कात्री," असं ऐकू येत होतं.

मग अण्णांचं नाव पुकारलं गेलं. ते पुढे आले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येच्याकडं काय हाय जमा करायला?" लोक हसले. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शर्टाची कड एका हाताने उचलली, दुसऱ्या हाताने पिस्तूल काढलं, नळी जमिनीकडे, बोट घोड्यापासून लांब. मॅगझिन काढून रिकामं असल्याचं दाखवलं, वरची स्लाईड मागे ओढून आत बघितलं, त्रिंबकरावांना बघायला लावलं, आणि मग ते टेबलावर ठेवून शेजारी परवान्याची झेरॉक्स ठेवली. हसणारे लोक टाचा उंचावून बघू लागले.

साहेब टेबलाजवळ आले. "अण्णा, मागच्या आठवड्यात तुम्ही माझ्या खोलीत बसला होतात. तेव्हा हे कुठं होतं?"

"हितंच की साहेब. कमरंला."

"अर्धा तास?"

"व्हय."

साहेबांनी अण्णांच्या ढगळ शर्टाची कड चिमटीत धरून पाहिली. "पंचवीस वर्षं नोकरी झाली माझी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला दिसलं नाही."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत तालुक्यात फिरलं. अण्णांनी खिशातून काढून दिलेलं पत्रक साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं, चौदाव्या मुद्द्याला मान डोलावली आणि प्रत्येक परवानाधारकाला एक झेरॉक्स द्यायला सांगितली. आप्पाराव भिंतीआडून पायजमा धरून बाहेर आले, तेव्हा त्यांच्याही हातात एक ठेवली गेली.

तिकीट अण्णांनाच मिळालं. चिडून आप्पाराव अपक्ष उभे राहिले. निकालात अण्णा थोडक्यात पडले, आप्पाराव बरेच पडले आणि निवडून तिसराच आला. पण मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. अण्णांची कंबर रिकामी होती, तरी सभेत लोक त्यांना बघून उठत होते. आता त्यांची नजर कमरेवर थांबत नसे. ती बगलेपर्यंत जाई, पायाच्या घोट्यापर्यंत जाई आणि काहीच न सापडल्यामुळे घाबरून परत येई. एक जमा केलं असलं, तरी दुसरं असेलच. ज्याचं साहेबाला दिसलं नाही, त्याचं आपल्याला काय दिसणार?

निवडणूक संपली. ज्याने त्याने आपापलं हत्यार परत न्यावं असं ठाण्यातून कळवण्यात आलं. अण्णा म्हणाले, कापूस निघाल्यावर जाऊ. कापूस निघाला. मग म्हणाले, ऊस तुटल्यावर जाऊ. काकूंनी कोठीशेजारची पेटी उघडली, गोळ्या ठाण्यात देऊन पावती आणली, आणि पेटीत शेवया भरून ठेवल्या.

एक दिवस अण्णा रोहिणीकडे आले, बद्रीनाथला चहाचं बघायला पाठवलं आणि म्हणाले, "सूनबाई, तुमाला म्हणून सांगतो. मी आता त्ये आणणार न्हाई. लई बरं वाटतंय. मांडी घालून बसता येतंय. पर कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार अण्णा."

पंधरा दिवसांनी दुपारी रोहिणीच्या दारात आप्पाराव उभे राहिले. आत आल्यावर त्यांनी आपल्या हाताने दार लोटून घेतलं.

"ताई, काल पंगतीत मी अण्णाच्या मांडीला मांडी लावून बसलतो. चांगला तासभर. मुद्दाम दोनदा धक्का बी मारला. काय म्हणता काय लागलं न्हाई. तुमच्या कागदात न्हाई असं कायतरी तुमी त्याला सांगितलंय."

आपल्या सगळ्या आयुष्यात रोहिणीने कुणाला मोघम उत्तर दिलं नव्हतं. तिने थोडा विचार केला. "सांगितलं नाही. त्यांनीच शोधलं. आणि ते लिहून देण्यासारखं नाही."

"निदान इशारा तरी द्या. माझं लई टोचतंय, ताई. गाडीत बसलो की मांडीत घुसतंय. आमची बायको तर त्ये घरात आसलं की पोरांला माहेरी धाडती."

त्यांचा चेहरा बघून तिला राहवलं नाही. "एकदा ठाण्यात जाऊन त्रिंबक हवालदारांना भेटा," ती म्हणाली. "बरोबर पिस्तूल घेऊन जा. आणि येताना मोकळ्या हाताने या."

हळूहळू आप्पारावांच्या तोंडावर उजेड पडला. "अरे तिच्या! म्हंजे अण्णा..."

"मी काही बोलले नाही."

"आन मी काय ऐकलं न्हाई," आप्पाराव म्हणाले आणि लगबगीने बाहेर पडले.

जानेवारीत साहेबांचा फोन आला. रोहिणी पिठाच्या चक्कीचं पत्रक लिहीत होती.

"मॅडम, तुम्ही या लोकांना काय शिकवलंय नेमकं? जमा केलेली पिस्तुलं न्यायला कुणी येत नाही. ज्यांनी नेली होती ते परत आणून देतायत. एकेकटे येतात, मागच्या दाराने येतात, आणि जाताना हात जोडून सांगतात, साहेब, कुणाला कळू देऊ नका. आमचं कपाट भरलं. त्रिंबकराव आता रजिस्टर खुर्चीवर ठेवतात आणि स्वतः स्टुलावर बसतात."

"मी एवढंच लिहिलं होतं, साहेब, झाकून कसं ठेवायचं."

"ते झालं. आता एक दुसरं पत्रक लिहून द्या. जमा केलेलं हत्यार परत कसं न्यायचं. अर्ज कसा, पावती कुठली, कुठल्या वेळेत यायचं. अगदी सोप्या भाषेत, पहिल्यापासून."

रोहिणीने पेन खाली ठेवलं.

"लिहिते, साहेब," ती म्हणाली. "पण ते कितीही सोपं लिहिलं, तरी या तालुक्यात कुणाला समजणार नाही."